तिसरा प्लग

बालमित्रांनो, आज आधी एक कोडं. तिघं जण मिळून एक गाडा ओढतायत. दोघं जीव तोडून ओढतात आणि तिसरा नुसता हात लावून चालतो. गाडा पुढं जाईल का?

जाईल. पण कसा? धक्के खात, कुरकुरत. चढ आला की थांबेल. आणि दमणार कोण? ते दोघं!

हे कोडं मला एका व्हॅननं घातलं. ती गोष्ट आज सांगते. शेवटी माझी एक चूकही सांगणार आहे. बाईंची चूक म्हटल्यावर तुम्ही कान टवकारलेत ना? मग ऐका.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची चार मुलं सांगलीला विज्ञान प्रदर्शनाला निघाली होती. बरोबर मी. मांडीवर खोक्यात जपून ठेवलेली आमची प्रतिकृती होती, डाळिंबाच्या बागेचं ठिबक सिंचन. जत ते सांगली म्हणजे दोन-अडीच तासांचा रस्ता, आणि दहाच्या आत नोंदणी करायची होती. म्हणून पहाटे सहालाच निघालो. गाडी होती मारुती ओम्नी. मुलं तिला नुसती 'व्हॅन' म्हणतात आणि ती चालवणाऱ्यांना 'मामा'.

गाव सुटायच्या आधीच व्हॅन थरथरायला लागली. फट्‌फट्‌, मग एकदम गप्प, पुन्हा फट्‌फट्‌. खोक्यातली डाळिंबाची झाडं डुलायला लागली. मामा म्हणाले, "मिसिंग मारतीय. पण प्लग तर दोन महिन्यांखालीच बदललेत की!"

गावाच्या टोकाला एक गॅरेज आहे. मेस्त्री पाठीमागंच राहतात. मामांनी हाक मारली तेव्हा ते दात घासत होते. त्यांच्या मागोमाग डोळे चोळत त्यांचा मुलगा आला. तो माझ्याच वर्गात, चौथीत. मला बघून तो दाराच्या आड सरकला. का सरकला, ते मला तेव्हाच कळलं होतं. पण ते शेवटी.

इंजिन कुठं लपलंय?

बहुतेक गाड्यांचं इंजिन पुढं, बॉनेटखाली असतं. ओम्नीचं कुठं? पुढच्या सीटखाली! ही गाडी १९८४ साली 'मारुती व्हॅन' म्हणून रस्त्यावर आली, पुढं तिचं नाव 'ओम्नी' झालं. २०१९ साली ती बनायची थांबली, पण आपल्याकडच्या रस्त्यांवर ती अजून दिसते. गाडी लहान आणि माणसं जास्त बसवायची, तर इंजिनाला वेगळी खोली कुठली द्यायची? म्हणून ते सीटखाली गेलं. जागा वाचली. पण दुरुस्त करणाऱ्याच्या हाताची जागा गेली.

मामांनी सीट उचलली. खाली एक खोल, अंधारी पेटी. त्यात पाईप, वायरी, नळ्या यांची दाटी. या इंजिनाला तीन सिलिंडर असतात, म्हणून प्लगही तीन. मेस्त्रींनी टॉर्च मारला. पहिला प्लग दिसला, दुसरा अर्धा दिसला. तिसरा पार मागं, पत्र्याच्या कडेखाली आणि एका जाड पाईपच्या आड होता. त्याची नुसती वायर दिसत होती.

आता प्लग म्हणजे काय ते बघू. पेट्रोलचं इंजिन चार कामं पाळीपाळीनं करतं. हवा आणि पेट्रोलची वाफ आत घेतं, ती आठ-नऊ पट दाबतं, पेटवतं आणि धूर बाहेर टाकतं. यातलं पेटवायचं काम प्लगचं. त्याच्या टोकाला दोन बारीक दांड्या असतात आणि त्यांच्यात इवलीशी फट. किती? साधारण पाऊण मिलिमीटर. वहीची आठ-दहा पानं घट्ट दाबली की होते तेवढी. त्या फटीतून वीज उडी मारते आणि ठिणगी पडते.

पण बॅटरी असते १२ व्होल्टची. एवढ्याशा विजेला हवेतून उडी मारता येत नाही. म्हणून कॉइल नावाचा भाग तिला दहा-वीस हजार व्होल्टपर्यंत चढवतो. ही वीज लोखंडातून भलतीकडे पळू नये म्हणून प्लगच्या मधे ती पांढरी, चिनी मातीच्या कपासारखी नळी असते. तिच्यातून वीज जात नाही आणि तापून ती फुटतही नाही.

आता गणित. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेतं असं धरा. दर दोन फेऱ्यांना एका प्लगची एक ठिणगी. म्हणजे मिनिटाला १,५००, सेकंदाला २५. आणि जत ते सांगली दोन तास धरले तर एका प्लगच्या १,८०,००० ठिणग्या! तुम्ही सीटवर बसून डुलक्या घेता, तेव्हा खाली हे चाललेलं असतं.

ही युक्ती जुनी आहे. लेन्वार नावाच्या माणसानं १८६० साली पॅरिसमध्ये गॅसचं इंजिन विजेच्या ठिणगीनं चालवलं. १९०२ साली जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातल्या होनोल्ड या अभियंत्यानं जास्त दाबाची वीज आणि प्लग यांची जोडी जमवली, आणि मोटारीला भरवशाची ठिणगी मिळाली. आपल्याकडे १९५१ साली मोटर इंडस्ट्रीज कंपनी सुरू झाली. तिचं छोटं नाव 'मायको'. २००८ साली तिचं नाव बॉश लिमिटेड झालं, पण जुने मेस्त्री अजून 'मायकोचा प्लग' म्हणतात.

कोण काम करत नाही?

मेस्त्रींनी इंजिन चालू ठेवलं आणि रबराच्या मुठीच्या पकडीनं पहिल्या प्लगची वायर क्षणभर काढली. इंजिन आणखी लटपटलं. परत लावली. दुसऱ्याची काढली. पुन्हा लटपटलं. तिसऱ्याची काढली. काहीच फरक नाही!

म्हणजे काय, सांगा बघू? बरोबर! पहिल्या दोघांना काढलं की इंजिनाला जाणवतं, कारण ते काम करतात. तिसऱ्याला काढलं तरी जाणवत नाही, कारण तो काम करतच नव्हता.

(मुलांनो, चालू इंजिनात तुम्ही हात घालायचा नाही, बरं का. ही हजारो व्होल्टची वीज असते, आणि फिरणारे पट्टेही असतात. हे मेस्त्रींचं काम.)

मामा म्हणाले, "मेस्त्री, उशीर होतोय. दोनावर चालतीय न्हवं? हळूहळू जातो तसंच."

आणि खरं सांगते, मीही म्हणाले, "चालेल का हो तसं?"

मेस्त्रींनी मान हलवली. "तीन सिलिंडरची गाडी हाय, बाई. तिसऱ्यातलं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून भाईर जाणार. पैसे वाया, आणि दोघांवर सगळा भार. चढाला कुठंतरी अडकशिला पोरास्नी घिऊन."

मग इंजिन बंद केलं आणि आम्ही वीस मिनिटं थांबलो. गरम इंजिनातून प्लग काढायचा नसतो. प्लग ज्याच्यात बसतो ते हेड अल्युमिनियमचं असतं आणि प्लगचे आटे लोखंडी. गरम असताना जोर लावला तर अल्युमिनियमचे मऊ आटे प्लगबरोबर निघून येतात. तेवढ्यात मेस्त्रींच्या घरून चहा आला.

निधान, निधान

थंड झाल्यावर पहिलं काम म्हणजे धूळ काढणं. आपल्या जतची धूळ तुम्हाला सांगायला नको. प्लगच्या भोवतीच्या खळग्यात ती साठून राहते. तसाच प्लग काढला की ती थेट सिलिंडरमध्ये पडणार. मेस्त्रींच्या मुलानं न सांगता सायकलचा पंप आणला आणि फुस्‌फुस्‌ करून खळगे साफ केले.

मेस्त्रींनी पहिल्या प्लगची वायर काढली, प्लग काढला, पुसला, बघितला, परत बसवला आणि तीच वायर त्यालाच लावली. मगच दुसऱ्याला हात. तिन्ही वायरी एकदम का नाही काढायच्या? अदलाबदल झाली तर ठिणगी भलत्या वेळी भलत्या सिलिंडरमध्ये पडेल. म्हणून एका वेळी एकच.

दोन्ही प्लगची टोकं बिस्किटासारखी तपकिरी होती. मेस्त्री म्हणाले, "हे नवंच हायती. तब्येत चांगली." प्लगचं टोक बघून इंजिनाची तब्येत कळते. डॉक्टर जीभ बघतात ना, तसं. तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल नीट जळत नाही. तेलकट ओलं असेल तर इंजिनातलं तेल वर येतंय.

मग तिसरा. त्याला नेहमीचा प्लगपाना लागेना, कारण पाना उभा करायला वर जागाच नव्हती. मेस्त्रींनी हाक मारली, "बारका आण रं." मुलानं पान्यांच्या ढिगातून नेमका एक आखूड पाना उचलला. मेस्त्रींनी तो स्वतःच कापून, वेल्डिंग करून बनवलेला होता. त्यात टॉमी, म्हणजे आडवी दांडी, घातली. पण पाईप आडवा येत असल्यानं दांडी थोडीशीच फिरायची. हलवायची, काढायची, पुन्हा घालायची.

प्लग जाम होता. आट्यांवर तेलाचे दोन थेंब सोडले, थांबलो. मग नुसतं सोडवत राहायच्या ऐवजी मेस्त्री एकदा किंचित सैल, एकदा किंचित घट्ट, असं करत होते. आटे मोडू नयेत म्हणून. मुलगा शेजारी टॉर्च धरून पुटपुटत होता. मी विचारलं, "काय मोजतोस?"

तो खाली बघत म्हणाला, "बाई, आठ टायमाला हलवलं की एक फेरा हुतोय."

म्हणजे एका हलवण्यात एक अष्टमांश फेरा! मुलांनो, याच मुलाच्या वहीत मी आठवड्यापूर्वी अपूर्णांकांच्या पाच गणितांवर पाच फुल्या मारल्या होत्या.

तिसरा प्लग बाहेर आला. काळा कुळकुळीत. टोकाची दांडी झिजून बोथट झालेली, फट केवढी तरी मोठी. मामा बघतच राहिले. "पण बदललेले की हो प्लग!"

"दोन बदलल्याती," मेस्त्री म्हणाले. "ह्यो वर्सानुवर्सं हितंच हाय."

कोडं सुटलं. कुठंतरी कुणीतरी हाताला येणारे दोन बदलले आणि हाताला न येणारा सोडून दिला. गाडी तेव्हा चालली असेल, म्हणून कुणाला कळलंही नाही. मी म्हटलं, "किती हा निष्काळजीपणा!" मेस्त्री म्हणाले, "असंल त्यालाबी घाई. मगाशी आपल्याला न्हवती काय?" मी गप्प बसले.

आता नवा प्लग बसवायचा. सगळ्यात अवघड काम हेच. कारण दिसत काहीच नाही. प्लग जरा जरी तिरपा लागला आणि पान्यानं जोर केला, तर हेडचे आटे कापले जातात. मग हेड उतरवून आटे पुन्हा पाडायचे, म्हणजे मोठा खर्च.

मेस्त्रींनी वीतभर रबरी नळी घेतली आणि प्लगचं वरचं टोक तिच्यात खोचलं. पण त्यांचा पंजा त्या पाईपच्या आड जाईना. दोनदा खरचटलं. मुलगा पुढं झाला, तर त्याला म्हणाले, "तू न्हाई. टॉर्च धर." मग माझ्याकडं वळले. "बाई, तुमचा हात बारीक हाय. बघताय का?"

मी बांगड्या काढल्या, बाही वर केली आणि हात घातला. पत्रा मनगटाला लागत होता. काही दिसत नव्हतं. मेस्त्री सांगत होते, "नळी नुसती दोन बोटांत धरा. आधी उलटं फिरवा. टक्‌ लागंल. लागलं की सुलटं. निधान, निधान."

'निधान' म्हणजे कानडीत सावकाश. आपल्या भागातल्या मुलांना सांगायला नकोच.

मी घाईघाईनं सुलटं फिरवलं. दोन फेरे गेले आणि नळी बोटांत नुसतीच फिरायला लागली. प्लग अडला होता.

"चुकलं," मेस्त्री शांतपणे म्हणाले. "तिरका लागला. पण नळी हाय म्हणून घसरली. पाना असता तर आटे गेलं असतं. काढा, पुन्हा बघा."

बघा हं युक्ती! नळीला प्लग फिरवण्याइतकीच ताकद. चुकीच्या वाटेवर जोर करण्याइतकी ताकद तिच्यात नाहीच. म्हणून ती चूक होऊ देत नाही.

मी काढलं. उलटं फिरवलं. अगदी हळू. आणि बोटांना कळलं, टक्‌! डोळ्यांनी नाही, कानांनी नाही, बोटांना कळलं. मग सुलटं. प्लग लोण्यासारखा जायला लागला. या जाडीच्या आट्याचा प्लग एका फेऱ्याला सव्वा मिलिमीटर खाली उतरतो. दहा-बारा फेऱ्यांनंतर तो टेकला. मग मेस्त्रींनी आखूड पान्यानं साधारण अर्धा फेरा आवळला. त्याहून फार नाही. "जोर हाय म्हणून लावायचा न्हाई," ते म्हणाले.

वायर लावली. चावी फिरवली. आणि इंजिन असं एकसारखं गुणगुणायला लागलं की चारही मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मेस्त्रींनी पैसे घेतले एका प्लगचे आणि मजुरी. बाकीचे दोन चांगले होते, ते चांगले आहेत असंच सांगितलं. कवठे महांकाळ, मिरज करत आम्ही सांगलीला अर्धा तास उशिरा पोचलो. नोंदणी चालू होती. बक्षीस काही मिळालं नाही. पण परतीच्या वाटेवर मुलांना विषय एकच, प्लग.

आता माझी चूक

दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. मेस्त्रींच्या या मुलानं गृहपाठ केला नव्हता. तो शेवटच्या बाकावर बसतो, कमी बोलतो. मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते, "अभ्यास नको असेल तर गॅरेजात पाने घासत बस."

वर्ग हसला होता. तो नाही. आता कळलं ना, त्या पहाटे तो दाराआड का सरकला ते?

सांगलीहून परतताना मी तो काळा प्लग पिशवीतून काढून बघत होते. हाताला येणारे दोन बदलायचे आणि मागचा सोडून द्यायचा, हे मी वर्गात करतच होते की! पुढच्या बाकांवरची मुलं पटापट उत्तरं देतात. त्यांच्यावर तास पार पडतो. वर्ग चाललेला दिसतो. मागच्या बाकापर्यंत हात पोचवायला वाकावं लागतं, वेगळा पाना शोधावा लागतो, वेळ जातो.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी म्हणाले, "मुलांनो, मी एक वाक्य बोलले होते, गॅरेजाचं. ते चुकीचं होतं. ते मी परत घेते." वर्ग एकदम शांत. तो मुलगा बाकावर नखानं रेघ ओढत राहिला. वर बघितलं नाही त्यानं.

मग मी मुलांना आपल्याच सांगली जिल्ह्यातली एक गोष्ट सांगितली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. पुढं बेळगावला त्यांनी सायकलींचं दुकान चालवलं, लोखंडी नांगर बनवले आणि १९१० साली औंध संस्थानातल्या ओसाड माळावर कारखाना उभा केला. तेच आजचं किर्लोस्करवाडी. खडू धरणारे हातच पाना धरत होते. मग कुठलं काम हलकं आणि कुठलं भारी?

त्यानंतर मी तो प्लग त्या मुलाच्या हातात दिला. म्हटलं, "हा काळा का झाला, तूच सांग. मला नीट जमणार नाही." तो उभा राहिला. आधी आवाज फुटेना. मग म्हणाला, "हितनं ठिणगी पडती..." आणि दहा मिनिटं बोलला. फळ्यावर चित्र काढलं. एका मुलीनं विचारलं, "डिझेलच्या इंजिनाला पण प्लग असतो का?" मला वाटलं, अडकेल आता. पण तो म्हणाला, "त्याला ठिणगीचा प्लग नसतोय. हवा लई दाबली की लई गरम हुती. मग डिझेल आपोआप पेटतंय."

अगदी बरोबर!

तेव्हापासून आमच्या वर्गात दर सोमवारी बाक बदलतात. मागचे पुढं, पुढचे मागं. आणि अपूर्णांक? ते आम्ही आता पान्याच्या फेऱ्यांवर शिकतो. त्या मुलाच्या पाच गणितांपैकी परवा चार बरोबर आली. पाचव्यावर मी फुली मारली नाही. बाजूला लिहिलं, 'निधान.'

करून पाहा

१. वहीची शंभर पानं घट्ट दाबून पट्टीनं जाडी मोजा. तिला शंभरानं भागा. एका पानाची जाडी मिळाली ना? आता पाऊण मिलिमीटर फटीला किती पानं लागतील ते काढा.

२. झाकणाची एक बाटली घ्या. डोळे मिटा. झाकण आधी उलटं फिरवा आणि 'टक्‌' कधी लागतं ते बोटांनी ओळखा. मग सुलटं बसवा. नंतर मुद्दाम तिरकं लावून बघा. फरक बोटांना कळतो का?

३. एखादा फेकून दिलेला जुना प्लग गॅरेजातून मागून आणा. टोकाचा रंग बघा आणि इंजिनाची तब्येत सांगा. गॅरेजात मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच जायचं, आणि आल्यावर हात साबणानं धुवायचे.

आई-बाबांसाठी दोन ओळी

तुमचं मूल शाळेच्या व्हॅननं जात असेल, तर ती थरथरते का, काळा धूर सोडते का, हे एकदा मुलालाच विचारा. ते रोज त्या इंजिनावर बसतं, त्याला कळतं. आणि मी म्हणाले तसं वाक्य घरात कुणी म्हणत असेल, तर तेही परत घ्यायला हरकत नाही.

तुमच्या घरात किंवा शेजारी कुणाच्या हाताला असं काही कळतं का, जे डोळ्यांना दिसत नाही? शिवणाऱ्या आजीच्या? भाकरी थापणाऱ्या आईच्या? विहिरीवरची मोटर दुरुस्त करणाऱ्या काकांच्या? त्यांना विचारा, आणि मला पत्रानं कळवा.

तुमच्या बाई